कापलेले गज

घर घ्यायचं मी ठरवलं तेव्हा डॅडींनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी कॉफीचा कप खाली ठेवत म्हणाले, "वायनेल, मरायचंच असेल तर हमरस्त्यावर जाऊन आडवी हो. ते फुकटात होईल."

त्यांना ट्रेलरची भीती होती. कागदोपत्री त्याला कारखान्यात तयार झालेलं घर म्हणतात, पण आमच्या अलाबामात सगळे ट्रेलरच म्हणतात. चाकांवर येतो, सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसतो, मग चाकं निघतात. मी नऊ वर्षांची असताना टोर्नेडोनं माझ्या क्लेल काकांचा ट्रेलर उचलून अर्ध्या मैलावरच्या कापसाच्या शेतात नेऊन आपटला होता. काका-काकू आतच होते. शोधायला गेलेल्यांत डॅडी सगळ्यांत पुढे. तिथं काय पाहिलं ते त्यांनी माझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. पुढे आमच्या घरी आभाळ काळवंडलं की ताटं तशीच टाकून सगळे पिकअपमध्ये बसायचो.

पण मी तरी काय करणार होते? एकोणीस वर्षं भाड्यानं राहिलो ते घर मालकाच्या मुलानं शिकाऱ्यांच्या क्लबला विकलं. साठ दिवसांत जागा खाली करा म्हणाला. मी वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चादरी धुते. डॅडी एक्क्याऐंशीचे, उभा जन्म बोअर मारत हिंडलेले, त्यांना सरकारकडून महिन्याला मिळतं ते औषधांतच जातं. आमच्या दोघांच्या पैशात गावात गॅरेजसुद्धा भाड्यानं मिळेना. आईकडून आलेला अर्धा एकर तेवढा आमचा होता, ओढ्याच्या वरच्या अंगाला, पाइनच्या झाडीत. त्यावर ठेवायला परवडेल असं एकच घर जगात होतं.

पलीकडच्या काउंटीत मिसेस लॉलर नावाची विधवा बाई आपला ट्रेलर विकून मुलाकडे राहायला निघाली होती. चौदा फूट रुंद, साठ फूट लांब, पंचवीस वर्षं जुना, पण निगुतीनं ठेवलेला. मी खोलीखोलीत टाचा आपटून पाहिल्या. न्हाणीघरापाशी जमीन जरा दबली.

"तेवढं प्लायवूड बदललंस की झालं, बाळा," मिसेस लॉलर म्हणाल्या. "छप्पर मात्र माझ्या नवऱ्यानं कधी गळू दिलं नाही." मग खिडकीतून बाहेर बघत त्यांनी विचारलं, "ते गाडीतले कोण? आत यायचं नाही का त्यांना?"

"माझे डॅडी. त्यांचे गुडघे दुखतात," मी खोटंच सांगितलं. डॅडी पिकअपची काच वर करून ताठ बसले होते. ट्रेलरकडे त्यांनी मानही वळवली नाही.

बँकेनं मला दारातूनच वाटेला लावलं होतं. शेवटी आमच्या गावच्या लहानशा पतपेढीनं कर्ज दिलं, तेही एका अटीवर. घर परवानाधारक माणसाकडूनच बसवून घ्यायचं, जमिनीला पक्कं बांधायचं, आणि तसा सरकारी शिक्का दाराशेजारी चिकटलेला पाहिजे. सही करताना घामानं पेन दोनदा हातातून निसटलं. पंधरा वर्षांचं कर्ज. फिटेल तेव्हा मी बहात्तर वर्षांची असणार, आणि तोवर चादरी धुवायला हात चालतील की नाही कोण जाणे. बाहेर येऊन मी कितीतरी वेळ गाडीत नुसती बसून होते. 

घर आणलं तो दिवस मी विसरणार नाही. रॉइस पिटमन हा आमच्याकडचा घरं ओढून आणून बसवणारा माणूस, त्याचाच ट्रक होता. पुढे ट्रक, त्यामागे माझं घर, त्यामागे पिवळा दिवा लावलेली त्याची दुसरी गाडी, आणि सगळ्यांत मागे मी. वळणावर घर असं काही कलायचं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. ओढ्यावरच्या पुलापाशी दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरली. मी गाडीची काच खाली करून मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणत होते. मागून येणाऱ्या माणसाला वाटलं असेल, बाई खुळी झाली.

पुलावरून घर सुखरूप गेलं आणि मी मूर्खासारखी समजले की धोका टळला.

रॉइसनं आणि त्याच्या दोन माणसांनी एका दुपारात सगळं उरकलं. असं घर जमिनीला बांधायचं तर चार-चार फुटी लोखंडी गज लागतात. गजाच्या खालच्या टोकाला स्क्रूसारखं रुंद पातं असतं. यंत्रानं पिळत पिळत तो जमिनीत उतरवायचा, आणि वरच्या टोकापासून घराच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत पोलादी पट्टी ताणायची. ट्रकच्या मागून मला लोखंड कापायच्या मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं, कापत असतील काही जास्तीचं.

"झालं, मॅम," रॉइस टोपी सरकवत म्हणाला. "आता हत्ती आणून बांधलात तरी हलायचं नाही." शिक्का त्यानं स्वतःच्या हातानं चिकटवला. माणूस गोड होता. जाताना त्यानं डॅडींशीही हात मिळवला.

डॅडी आत जेवायला यायचे, अंघोळीला यायचे, पण झोपायला पिकअपमध्ये. दिवसभर बाहेर घडीच्या खुर्चीवर पाइनच्या शेंड्यांकडे बघत बसायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "लोक काय म्हणतील? मुलीनं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं म्हणतील!"

"म्हणू देत. जिवंत म्हातारा आहे ना?"

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळपासून वारा सुटला. वादळ नव्हतं, नुसता वारा. मी ओट्याशी बिस्किटांचं पीठ मळत होते आणि घराखालून काहीतरी फटफट आपटल्याचा आवाज यायला लागला. त्यासरशी कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. मी दार उघडलं तर खुर्ची रिकामी, आणि घराखालची पोकळी झाकायला सभोवती लावलेल्या घेराचा एक पत्रा बाजूला काढून ठेवलेला.

"डॅडी! तुम्ही आत शिरलात? या वयात?"

आतून दबका आवाज आला, "ओरडू नकोस. कंदील... बॅटरी दे."

मी बॅटरी आत सरकवली आणि गुडघे टेकून वाकून राहिले. वर घर कुरकुरत होतं. माझ्या मनात एकच, आत्ता हे ठोकळ्यांवरून घसरलं तर? दहा मिनिटांनी आधी त्यांचे बूट दिसले, मग ते. केसांत कोळ्यांची जाळी, कोपर खरचटलेलं. त्यांच्या हातात एक लोखंडी गज होता.

"वाय, हे धर."

मी धरला. हातभरसुद्धा लांब नव्हता. खाली पातं नव्हतंच. जिथं पातं असायला हवं तिथं लोखंड सपाट कापलेलं होतं आणि कापलेली कड नव्या नाण्यासारखी चकाकत होती.

"तुम्ही हा कसा काढलात?"

"हातानं," डॅडी म्हणाले. "गाजर उपटावं तसा. त्याची पट्टी सैल होऊन आपटत होती. वर वीतभर लाल माती आहे, खाली सगळी वाळू. इथं चार फुटीसुद्धा कमी पडायचा. यंत्रानं पिळायचे कष्ट वाचवायला त्यानं हे कापून हातोडीनं ठोकलेत." मग हळूच म्हणाले, "असे अकरा आहेत. बाकीचे पाच मला हलवता आले नाहीत. ते तरी धड आहेत की नाही, देव जाणे."

मी मागे वळून घराकडे पाहिलं. पडदे लावलेले, पायरीपाशी जिरेनियमची कुंडी. ते सगळं नुसतं ठेवलेलं होतं. टेबलावर बशी ठेवावी तसं. तीन आठवडे मी त्यात गाढ झोपत होते.

रॉइसला फोन केला तर आधी तो हसला. मग त्याचा आवाजच बदलला. "तुझा म्हातारा खाली घुसून गज उपटतो आणि नाव माझं? कर ना तक्रार! सरकारी माणूस येईल आणि पहिलं काय करेल ठाऊक आहे? दारावर लाल कागद लावेल. राहायला अयोग्य! मग पतपेढी म्हणेल, आमचे पैसे परत आणा. मग बसा बापलेक झाडाखाली. शिक्का लागलाय ना? गप राहा, मॅम. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

आणि मी गप राहिले. लाज वाटते सांगायला, पण नऊ दिवस मी तोंडातून ब्र काढला नाही. दोन भीती होत्या आणि मी त्यांच्यामध्ये अडकले होते. वारा सुटला की घराची भीती, थांबला की लाल कागदाची. धुलाईघरात माझ्या हातून पांढऱ्या चादरींत निळे गाऊन पडले, अख्खा घाणा निळा झाला. जेवण जाईना. डॅडी मला काही बोलत नव्हते, तेही अंगावर यायचं.

नवव्या दिवशी चर्चहून येताना त्यांनी पिकअप रस्त्याकडेला थांबवली. दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून म्हणाले, "क्लेलचा ट्रेलर बसवायला मीच गेलो होतो."

इंजिन चालूच होतं.

"गज नव्हते, पट्ट्या नव्हत्या. तेव्हा कुणी बांधत नव्हतं फारसं. पण मला माती कळत होती, वाय. मी त्या रानात बोअर मारली होती. म्हणायला हवं होतं, क्लेल, हे बांधून घे. पण त्याची बायको आत पडदे लावत होती, गात होती. मला म्हणवेना. म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात बघू. तो उन्हाळा आलाच नाही. तू भितेस ते कळतं मला. पण मी गप राहून पाहिलंय. त्यानं काही वाचत नाही."

सोमवारी सकाळी मी घरं बसवायचे परवाने देणाऱ्या राज्याच्या कचेरीत फोन केला. नंबर दोनदा चुकला.

बुधवारी मिस गँट नावाची तपासनीस बाई आली. चाळिशीची, ठेंगणी, अंगात सफाई कामगारासारखा डगला. पाठीवर झोपून ती घराखाली गेली आणि तासाभरानं मातीनं माखून बाहेर आली. सोळा गजांपैकी चौदा कापलेले निघाले. तिनं फोटो काढले. मग माझ्या डोळ्यांदेखत दारावर लाल कागद चिकटवला. रॉइस म्हणाला होता अगदी तस्सा. मी पायरीवरच बसले.

"रडू नका हो," मिस गँट म्हणाली. "हा कागद तुमच्यावर नाही, त्याच्यावर आहे. परवाना घेताना त्यानं सरकारकडे ठेव ठेवलेली असते. त्यातून दुसरा माणूस नीट बांधून देईल. तोवर आत झोपायचं नाही, बस. पतपेढीला मी पत्र लिहिते." मग वही उघडत तिनं विचारलं, "त्यानं या भागात आणखी कुणाची घरं बसवलीत, ठाऊक आहे?"

मला ठाऊक होतं. ओढ्यापलीकडे मिस्टी राहायची. एकटी, दोन लहान मुली, डॉलर-दुकानात गल्ल्यावर. तिचा ट्रेलर रॉइसनं माझ्या महिनाभर आधी बसवला होता. नाव सांगताना मला माहीत होतं की मी तिच्या दारावर लाल कागद लावतेय. तरी सांगितलं.

आम्ही दोघं ब्रदर ओथांच्या चर्चच्या हॉलमध्ये पथारी टाकून राहिलो. ब्रदर ओथा तिथले वडीलधारे, डॅडींचे बोअरवरचे जुने जोडीदार. मिस्टीच्या घराचेही गज कापलेले निघाले, तिच्याही दारावर लाल कागद लागला, पण तिला तसं कुणी नव्हतं. ती मुलींना घेऊन हमरस्त्यावरच्या मोटेलात गेली. तीन-चार दिवसांनी दुकानात तिनं मला गाठलं, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

"झालं समाधान? माझ्या पोरी मोटेलात मायक्रोवेव्हमधल्या शेवया खातायत! माझं घर हलत होतं का? मी तक्रार केली होती का? स्वतःचं घर बुडालं म्हणून दुसऱ्याचंही बुडवायचं, हो ना, मिस वायनेल?"

मी दूध तिथंच ठेवून बाहेर आले. ती खोटं बोलत नव्हती. तिला मोटेलचा रोजचा खर्च कुठून परवडत होता?

आमच्याकडे दुसरा माणूस आला. यावेळी डॅडी खुर्ची घेऊन शेजारी बसले. त्या बिचाऱ्यानं साधे गज काढताच म्हणाले, "हे नको, लेका. वाळू आहे. सहा फुटी आण, दोन पात्यांचे." प्रत्येक गज उतरताना ते यंत्रावरच्या काट्याकडे बघत आणि मनासारखा ताण दिसल्याशिवाय मान हलवत नसत. सोळा झाल्यावर म्हणाले, "आणखी चार घाल." लाल कागद निघाला, आम्ही घरी परतलो. मिस्टीचा नंबर पुढच्या आठवड्यात होता.

त्या मधल्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, ते आलं.

मी कामावर होते. दोन वाजता वृद्धाश्रमाच्या टीव्हीवर टोर्नेडोचा इशारा आला आणि आम्ही म्हाताऱ्यांचे पलंग खोल्यांतून बोळात ढकलायला लागलो. मध्येच मी घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेवटचा पलंग बोळात आला तशी आमची मुकादम म्हणाली, "जा तू, तुझं तोंड बघवत नाही." रस्त्यावर हवा हिरवट झाली होती आणि पान हलत नव्हतं. पक्ष्यांचा आवाज नाही. गावातला भोंगा सुरू झाला तेव्हा मी पुलावर होते.

पिकअप अंगणात, त्यात डॅडी नाहीत. दार ढकललं तर ते आत सोफ्यावर, बूट काढून, पाय स्टुलावर.

"फोन का नाही उचलला? चला! भोंगा ऐकू येत नाही?"

"मी नाही येत," ते शांतपणे म्हणाले. "वीस गज आहेत. मी मोजून घातलेत. हे घर हलत नाही, वाय. एकदा मला बघायचंय."

 ज्या माणसानं पन्नास वर्षं ढग बघून पळ काढला, तो आता पाय पसरून बसला होता, आणि तेच मला त्या आभाळाहून भयंकर वाटलं. तो कशाची तरी फेड करायला बसला होता.

"घर राहील हो!" मी किंचाळले. "गज घराला बांधलेत, तुम्हाला नाही! खिडकीतून झाड आत आलं तर? तुम्ही इथं बसलात तर मीही बसते. क्लेल काकांच्या शेजारी आणखी दोन खड्डे खणू देत ब्रदर ओथांना!"

मी खरंच जमिनीवर बसले. उठून पळावंसं वाटत होतं, पण बसले. डॅडींनी माझ्याकडे पाहिलं. मग बुटांकडे हात नेला. "नाड्या राहू देत," मी म्हटलं आणि त्यांना ओढतच बाहेर काढलं.

चर्चच्या तळघरात तीसेक माणसं होती. ब्रदर ओथांनी आमच्यामागं दार लावून आडणा घातला आणि डॅडींना म्हणाले, "हॉइट, आज उशीर केलास. तू तर नेहमी ढगाच्या आधी येतोस." कुणीतरी हसलं. मग दिवे गेले. कानांत दडे बसल्यासारखं झालं. वरून जो आवाज आला तो मला सांगता येणार नाही. मी तोंड उघडलं होतं हे मला नंतर घसा बसला तेव्हा कळलं. डॅडींनी माझं डोकं आपल्या छातीशी दाबून धरलं होतं, मी नऊ वर्षांची असताना धरायचे तसं.

सगळं मिळून एखादं मिनिट असेल.

रस्ता पडलेल्या पाइननी बंद होता, आम्ही चालत गेलो. डॅडींच्या नाड्या चिखलात फरफटत होत्या. वळणावर मी डोळे मिटले. ते म्हणाले, "बघ."

घर उभं होतं. खालच्या घेराचे पत्रे उडाले होते, छपराची एक कड केळीच्या सालीसारखी सोललेली, एक झाड पायऱ्यांवर आडवं. पण जागचं इंचभर सरकलं नव्हतं. डॅडींनी खाली वाकून एका पट्टीला बोटानं टिचकी मारली. तारेसारखी वाजली. मग दुसऱ्या पट्टीला मारली, मग तिसऱ्या.

मग मी ओढ्यापलीकडे पाहिलं. सिमेंटचे ठोकळे ओळीनं उभे होते आणि त्यांच्यावर काही नव्हतं. मिस्टीचा ट्रेलर पार खालच्या कुरणात, उताणा, दोन तुकड्यांत पडला होता. दारावरचा लाल कागद गेला, दार गेलं, भिंत गेली. आत कुणी नव्हतं.

ती तासाभरानं आली, मुलींना मोटेलच्या बाईपाशी ठेवून. कुरणाच्या कडेला उभी राहिली. मी जवळ गेले. तिच्याकडे बघून वाटलं, आत्ता ही मला मिठी मारेल किंवा थोबाडीत देईल. तिनं दोन्ही केलं नाही. तिचे दात वाजत होते.

"तिथं पोरींचा पलंग होता," ती म्हणाली. "खिडकीपाशी. दुपारी झोपतात त्या."

मग ती गवतात शिरली आणि एक भिजलेली गादी उचलायला लागली. एकटीला उचलेना.

"त्या बाजूनं धर ना," ती म्हणाली.

मी धरली. डॅडी मागून चिखल तुडवत येत होते, वाटेत सापडलेला लहान मुलीचा एक बूट त्यांच्या हातात होता, आणि ते दुसरा शोधत होते.